काळा कातळ, काळ्या रंगाशिवाय

सह्याद्रीचा कडा रंगवायला बसलेला नवखा चित्रकार बहुतेक वेळा आधी काळ्या रंगाची ट्यूब उघडतो. कातळ काळा, म्हणून रंग काळा. त्यात पांढरा मिसळून करडा होतो, करड्यावर काळ्या रेघांच्या भेगा येतात, आणि तासाभरात कॅनव्हासवर सिमेंटची भिंत उभी राहते. दगडाचा मूळ रंग, तो फुटण्याची त्याची तऱ्हा आणि त्याच्यावर पडणारा उजेड या तीन गोष्टी समजल्या की सहा ट्यूबांत सह्याद्रीचा कुठलाही कडा रंगवता येतो. त्या सहांत काळा लागत नाही.

पुढे सांगितलेली पद्धत एका ठरावीक विषयासाठी आहे: नोव्हेंबरातल्या दुपारचा बेसॉल्टचा, म्हणजे सह्याद्रीच्या या काळ्या दगडाचा, उभा कडा, त्याच्या टप्प्यांवर वाळत आलेलं गवत, पायथ्याशी घसारा (सुट्या दगडांचा उतार) आणि मागे धूसर डोंगररांग. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा डोळ्यांसमोर ठेवला तरी चालेल, नाणेघाटाच्या बाजूचा एखादा कडाही चालेल. कॅनव्हास १६ × २० इंचांचा. माध्यम तैलरंग किंवा ॲक्रिलिक, दोन्हींचे फरक त्या त्या जागी सांगितले आहेत.

दगड फुटतो कसा

दख्खनचं पठार साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने बनलं. लाव्हा एकदाच आला नाही. एक थर पसरला, थंड झाला, मग त्यावर दुसरा. म्हणून सह्याद्रीच्या कुठल्याही कड्याकडे लांबून पाहिलं की आडव्या पट्ट्या दिसतात. भूशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्दच मुळी पायऱ्या या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून आला आहे.

चित्रकाराच्या कामाची गोष्ट त्यापुढची. थंड होताना लाव्हा आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. काही ठिकाणी तर त्यांतून सरळ खांब तयार होतात. पुढे पाणी या भेगांत शिरतं, दगडाचा मोठा तुकडा भेगेवरून सुटून खाली पडतो आणि मागे सपाट उभा पृष्ठभाग उरतो. दोन थरांच्या मधला भाग मात्र ठिसूळ असतो, बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला. कुठे तिथे विटकरी लाल मातीचा पट्टाही असतो. घाटरस्त्यांच्या कापलेल्या भिंतींत तो हमखास दिसतो. हा मऊ भाग लवकर झिजतो, त्याचा टप्पा होतो, टप्प्यावर माती साचते आणि मातीवर गवत येतं.

म्हणजे या दगडाला दोनच मुख्य दिशा आहेत. घट्ट दगड उभा फुटतो, मऊ थर आडवा झिजतो. आणि ब्रशनेही तेच करायचं. कातळाच्या भिंतीवर फटकारा वरून खाली, टप्प्यावर आडवा. घसाऱ्यावर तिरपा, उताराच्या रेषेत, साधारण ३५ अंशांत, कारण सुटे दगड त्याहून फार उभ्या उतारावर टिकतच नाहीत. पाणी जिथून वाहतं त्या घळीत दोन्ही बाजूंचे फटकारे आत, खालच्या दिशेने वळतात. मुक्त, जोरकस फटकाऱ्यांचं चित्र बघताना हात वाटेल तसा फिरलाय असं वाटतं. चांगल्या चित्रात तसं नसतं. हाताची मोकळीक फटकाऱ्याच्या जाडीत, वेगात आणि तुटक कडांत असते, दिशा दगडाने ठरवलेली असते. दिशा चुकली की कितीही ऐटदार फटकारा दगडावर चिकटवल्यासारखा दिसतो.

एक अपवाद लक्षात ठेवायचा. पठारावरचे आणि ओढ्यातले बेसॉल्टचे धोंडे गोल असतात, कारण ते कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थराथराने सुटत झिजतात. तिथे फटकारा धोंड्याच्या पोटाला वळसा घालून जातो. कड्याच्या भिंतीवर मात्र गोलाई आली की चित्रात बटाट्यांची रास दिसू लागते.

ट्यूबमधली माती आणि डोंगरातली माती

बेसॉल्ट ताजा फोडला तर आतून निळसर करडा असतो. उघड्यावर राहिला की त्यातलं लोखंड गंजतं आणि वरचा पापुद्रा तपकिरी, पिवळसर, कुठे तांबडा होतो. त्यावर दगडफुलाचे फिके राखाडी डाग पडतात. पावसाळ्यात जिथून धार वाहते तिथे शेवाळाचे ओघळ उरतात आणि सुकले की काळपट दिसतात. लांबून जो ‘काळा’ दिसतो तो या सगळ्यांचा मिळून झालेला रंग.

आता रंगाच्या ट्यूबा बघा. यलो ऑकर म्हणजे पाण्याचा अंश धरून असलेल्या लोहगंजाची पिवळी माती. हीच पिवळी माती भाजली की पाणी उडतं आणि ती लाल होते. रॉ सिएना भाजून बर्न्ट सिएना होते ती अशी. अंबर या मातीच्या रंगात लोखंडाबरोबर मँगनीज असतं, म्हणून ती गडद, हिरवट तपकिरी दिसते. कड्यावर वाऱ्यापावसाने लोखंडाचं जे केलं, तेच रंग बनवणाऱ्याने भट्टीत केलं. मातीचे रंग दगडाला इतके शोभतात याचं कारण हे सरळ नातं आहे.

हे नातं आपल्याकडे फार जुनं आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं बेसॉल्टच्याच भिंतीवर, मातीच्या गिलाव्यावर काढली गेली. त्यांतला लाल गेरू, पिवळी माती, हिरवी माती आणि पांढरा हे खनिज रंग, काळा तेवढा काजळीचा. बाहेरून आणावा लागला तो निळा, लाजवर्द या निळ्या दगडाचा. गंमत म्हणजे पांढरा सोडला तर आपल्या पॅलेटवरही मातीचा नसलेला एकच रंग आहे आणि तोही निळाच, अल्ट्रामरीन. पूर्वी तो लाजवर्दातूनच काढत, आज कारखान्यात बनतो.

सहा ट्यूबा आणि त्यांच्या मिसळी

यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन ब्ल्यू, टिटॅनियम व्हाइट. एवढंच.

ऑकर अपारदर्शक, झाकणारा. दोन्ही सिएना पारदर्शकतेकडे झुकणाऱ्या, पातळ लावल्या की खालचा रंग त्यांतून उजळतो. हा फरक फार कामाचा आहे. उजेडातल्या पृष्ठभागाला ऑकर आणि पांढऱ्याचा जाड लेप द्यावा, सावलीत सिएनाचा पातळ हात. उलट केलं तर सावली मातीच्या गोळ्यासारखी बंद दिसते आणि उजेडाला वजन येत नाही.

पहिली मिसळ गडदाची. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समसमान घ्या. जवळजवळ काळा रंग तयार होतो, पण ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जिवंत, कारण तो झुकवता येतो. सिएना थोडी वाढवली की ऊबदार, निळा वाढवला की थंड. कंपनीगणिक रंगाचा जोर वेगळा असतो, म्हणून प्रमाण डोळ्यांनी पक्कं करा: मिसळीचा छोटा ठिपका पांढऱ्यात घालून बघितला की तो कुठे झुकला आहे ते लगेच कळतं. नुसत्या गडदात ते दिसत नाही. हा गडद सढळ हाताने करा, लिंबाएवढा, कारण बाकीच्या मिसळी त्यातूनच निघतात.

उजेडातला कातळ: गडद १ भाग, पांढरा २ भाग, ऑकर अर्धा भाग. सावलीतला कातळ: गडद २ भाग, निळा अर्धा भाग, पांढरा जेमतेम अर्धा. वाळलेलं गवत: ऑकर ३, पांढरा १, रॉ अंबर चिमूटभर. अजून हिरवेपण धरून असलेलं गवत: ऑकर ३, अल्ट्रामरीन १. यातून मळकट ऑलिव्ह हिरवा येतो आणि नोव्हेंबरातल्या डोंगराला तोच हवा. ट्यूबमधला तयार हिरवा या मातीच्या रंगांत परका दिसतो. थरांमधला लाल पट्टा: बर्न्ट सिएना २, ऑकर १, पांढऱ्याचा एक थेंब. लांबची रांग: पांढरा ५, निळा १, बर्न्ट सिएना निळ्याचा भडकपणा मरेल इतकीच. दगडफुलाचे डाग: पांढरा ४, रॉ अंबर १, निळ्याचा स्पर्श.

या मिसळी पूर्ण एकजीव करायच्या नाहीत. पॅलेटच्या सुरीचे तीन-चार वळसे पुरे. ढिगात ऑकरची रेघ, निळ्याची रेघ वेगळी दिसली पाहिजे. ब्रशने ती उचलली की एकाच फटकाऱ्यात दोन-तीन छटा कॅनव्हासवर उतरतात आणि दगडाचा पोत आपोआप तयार होतो. पिठासारखं मळून केलेल्या मिसळीतून हा पोत कधीच येत नाही. मग तो नंतर बारीक ब्रशने ठिपके देऊन आणावा लागतो आणि ठिपके ठिपक्यांसारखेच दिसतात.

‘मातीच्या रंगांचा चिखल होतो’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. चिखलाची कारणं दोन. एक, चारपेक्षा जास्त रंग एका ढिगात. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, शेजारशेजारच्या रंगांचा उजेड-अंधार सारखा असणं. दोन तपकिऱ्या सारख्याच गडद असल्या की एकमेकींत बुडतात. त्यांतली एक दोन पायऱ्यांनी उजळ करा, त्याच मिसळी स्वच्छ दिसू लागतात.

उजेड

सह्याद्रीची मुख्य भिंत कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उभी आहे. सकाळी ती सावलीत असते, निळसर आणि सपाट. दुपारी तीननंतर ऊन समोरून तिरपं येतं आणि पाचच्या पुढे सगळा कडा गेरूसारखा पेटतो. रंगवायला तीन ते साडेचारचा वेळ उत्तम: उजेड पुरेसा तिरपा, सावल्या स्पष्ट, रंग अजून ताब्यात. कोकणकड्यासारखा आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा कडा असेल तर एका बाजूला ऊन असताना दुसरी बाजू सावलीत असते आणि मधला वळणाचा भाग हळूहळू उजळत जातो. चित्राची अर्धी मांडणी तिथेच तयार मिळते.

टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, मोजायला १ ते ९ अशी पट्टी मनात धरा, १ म्हणजे पांढरा, ९ म्हणजे सगळ्यात गडद. आकाश २. उन्हातलं गवत ३. लांबची रांग ३ ते ४. उन्हातला कातळ ४ ते ५. सावलीतला कातळ ६ ते ७. कपारी ८ ते ९. डोळे किलकिले करून बघितलं की तपशील विरतात आणि ही उतरंड दिसते. गवत आणि कातळ यांच्यातलं एक-दोन पायऱ्यांचं अंतर आणि ऊन-सावलीतलं दोन पायऱ्यांचं अंतर, ही दोन अंतरं सांभाळली तर रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र उभं राहतं.

सावलीचा रंग एकसारखा नसतो. सावलीतला जो पृष्ठभाग आकाशाकडे बघतो तो निळसर होतो. पुढे झुकलेल्या कातळाची खालची बाजू टप्प्यावरच्या उन्हातल्या गवताकडे बघते, म्हणून तिथे ऊबदार प्रकाश परततो. तिथे सावलीच्या मिसळीत बर्न्ट सिएना वाढवावी. खोल कपारीत आकाश पोचतच नाही, म्हणून सगळ्यात गडद जागा थंड न ठेवता सिएनाकडे झुकलेल्या ठेवाव्यात. निळसर काळी कपार दगडातली पोकळी न वाटता वर चिकटवलेली पट्टी वाटते.

ब्रश आणि सुरी

डुकराच्या केसांचे ताठ ब्रश लागतात: चपटा १० नंबर, चपटा ६ नंबर, गोलसर टोकाचा चपटा ६ नंबर. शिवाय रंगकामाच्या दुकानात मिळणारा दीड-दोन इंची साधा ब्रश, केस थोडे विस्कटलेला असेल तर उत्तम. एक लांब केसांचा बारीक रिगर. आणि करवंदाच्या पानाएवढी, टोकदार पॅलेटची सुरी. मऊ ब्रश या कामाला नकोत. ते जाड रंग उचलत नाहीत आणि खालचा रंग ढवळतात.

ब्रश पेन्सिलीसारखा पुढे धरू नका. मागच्या टोकाला धरला की बोटांऐवजी खांदा फिरतो. शक्यतो उभं राहून काम करा.

कातळाचा फटकारा असा: १० नंबरच्या ब्रशच्या एका बाजूला सावलीची मिसळ, दुसऱ्या कोपऱ्यावर उजेडाची मिसळ घ्या. वरच्या कडेला ब्रश दाबा, खाली ओढा, आणि शेवटच्या एक-दोन सेंटीमीटरला दाब सोडत उचला. वरची कड स्पष्ट येते, खालची तुटक. थर जिथे टप्प्याशी भेटतो तिथे दगड खरंच असाच दिसतो, वर धारदार, खाली मातीत हरवलेला. त्या फटकाऱ्याला आता हात लावायचा नाही. एका पृष्ठभागाला एक फटकारा. चुकला तर सुरीने खरवडून पुन्हा टाका; वरून दुरुस्त करत बसलं की तीन हातांत तो मरतो.

कोरड्या ब्रशचा हात वेगळा. ब्रशला रंग लावून चिंधीवर जवळजवळ सगळा पुसायचा, मग ब्रश कॅनव्हासला जवळपास समांतर धरून अलगद फिरवायचा. रंग फक्त कॅनव्हासच्या उंचवट्यांवर बसतो. उन्हात तापलेला, खरखरीत कातळ यातून येतो. खालचा थर पूर्ण वाळलेला पाहिजे, नाहीतर पोत न येता नुसतं धुरकट होतं.

सुरीचा उपयोग धारेसाठी. सुरीच्या खालच्या पातीला रंगाची बारीक वळी घ्या, उजेड पकडणाऱ्या कडेवर टेकवून बाजूला ओढा. घडीव, टणक कड मिळते. हे एका चित्रात पाच-सहा ठिकाणीच. सुरीच्या मागच्या टोकाने ओल्या रंगात ओढलेली रेघ खालचा थर उघडा करते. गवताच्या काड्या आणि बारीक भेगा रंगवण्यापेक्षा अशा कोरणं बरं.

ॲक्रिलिकवाल्यांना आपल्या हवेत अडचण येते ती रंग फार लवकर वाळण्याची. ट्रेमध्ये ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि बटर पेपरवर मिसळी, अशी ओली पॅलेट केली की दोन तास निभावतात. जाडीसाठी पाणी न घालता रंग ट्यूबमधून तसाच वापरा किंवा जेल मीडियम (रंगाला जाडी देणारं घट्ट माध्यम) मिसळा. पाणी फार झालं की रंगाची पकड कमी होते. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, त्यामुळे उजेडाच्या मिसळी अर्ध्या पायरीने उजळ ठेवाव्यात.

काम, क्रमाने

आधी वहीत ३ × ४ इंचांची तीन-चार लहान रेखाटनं करा, फक्त तीन टोनांत: उजळ, मधला, गडद. कड्याचं वस्तुमान चित्राच्या मधोमध नको, आणि आकाश अर्ध्याहून कमी ठेवा. कड्याच्या पट्ट्यांची जाडी मुद्दाम असमान धरा: एक रुंद, दोन अरुंद, एक अर्ध्यातच घळीत संपलेली. निसर्गातही ती असमानच असते, पण हात सवयीने सारखं करत जातो आणि मग विटांचं बांधकाम दिसतं.

कॅनव्हास पांढरा ठेवू नका. बर्न्ट सिएना आणि ऑकरचा पातळ हात द्या, चिंधीने पुसा, ४ नंबरच्या टोनइतका उरू द्या. ही ऊबदार जमीन शेवटपर्यंत फटकाऱ्यांच्या फटींतून डोकावते आणि सगळं चित्र एकत्र बांधते. तैलरंगात हा हात फक्त टर्पेंटाइनने पातळ करा, तेल घालू नका, आणि एक दिवस वाळू द्या. तैलरंगाचा नियमच आहे: खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त. उलट झालं तर वरचा थर आधी वाळून ताठ होतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला तडे जातात.

मग रॉ अंबरने, पातळ, बाह्यरेषा आणि सावलीच्या मोठ्या जागा. तपशील नाही. दोन इंची ब्रशने सावल्यांचे आकार भरून घ्या, चक्क १५ मिनिटांत. या टप्प्याला दहा फुटांवरून चित्र ओळखू यायला हवं. येत नसेल तर पुढे जाऊ नका, कारण रंग चढवून ते सुधारत नाही.

आकाश आणि लांबची रांग आधी पूर्ण करा. रांगेत पोत नको, कडा मऊ, फटकारे आडवे आणि गुळगुळीत. पुढच्या कड्याचा खडबडीतपणा या शांत भागामुळेच जाणवतो.

त्यानंतर कडा, सावलीपासून उजेडाकडे. सावलीची मिसळ पातळ, मोठ्या उभ्या फटकाऱ्यांनी. त्यात जागोजागी निळा आणि सिएना वेगवेगळे सोडा, ओल्यात ओलं मिसळू द्या. उन्हातला कातळ त्यावर जाड. इथे प्रत्येक पाच-सहा फटकाऱ्यांनंतर मागे सरून बघा. उजेडाचे फटकारे सगळे एकाच लांबीचे होत असतील तर ब्रश बदला. मग टप्पे: गवताचा उजळ आडवा हात, त्याची वरची कड कातळात हरवलेली, खालची स्पष्ट, कारण तिथून पुढचा कडा सुरू होतो. लाल पट्टा सलग ओढू नका. दोन-तीन ठिकाणी दिसावा, बाकी गवताखाली गेलेला असावा.

घसारा कोरड्या ब्रशने, तिरपा. त्यात सुटे दगड चार-पाचच रंगवा, लहानमोठे, आणि प्रत्येकाला तीन पृष्ठभाग द्या: वरचा उजळ, बाजूचा मधला, खालचा गडद. एवढ्याने दगड बसतो. बाकीचे दगड बघणाऱ्याचा डोळा स्वतः भरतो.

भेगा अगदी शेवटी, आणि थोड्या. रिगरने एका जाडीची रेघ ओढली की कोळ्याचं जाळं दिसतं. भेग ही रेघ नसते, ती अरुंद सावली असते. म्हणून ती कुठे रुंद, कुठे नाहीशी, आणि तिच्या एका कडेला उजेडाची बारीक धार. शेवटी दगडफुलाचे डाग आणि पाण्याचे ओघळ. ओघळ टप्प्यापासून सुरू होऊन खाली विरतात, मधूनच सुरू होत नाहीत.

काय बिघडतं

सर्वांत जास्त बिघडवतो पांढरा. टिटॅनियम व्हाइट जोरकस असतो आणि रंग उजळ करताना तो थंडही करतो. उन्हातला दगड खडूसारखा दिसू लागला तर पांढरा कमी करून ऑकरने उजळ करा. सावलीत पांढरा जास्त शिरला की सावलीची पारदर्शकता संपते; तो भाग पुसून पुन्हा केलेला बरा. निव्वळ पांढऱ्याचा ठिपका कड्यावर कुठेही नको. ओल्या दगडाची गोष्ट वेगळी, पण नोव्हेंबरातला कडा कोरडा असतो.

दुसरी चूक पोत सगळीकडे सारखा देण्याची. जाड रंग आणि सुरीचं काम उन्हातल्या, जवळच्या भागात ठेवा. कॅनव्हासभर पसरलं की डोळ्याला थांबायला जागा उरत नाही. तसंच कडांचं. उजेड आणि सावली भेटतात तिथली एखादी कड सगळ्यात तीक्ष्ण, बाकीच्या कमी कमी, काही पूर्ण विरलेल्या.

फ्रेंच चित्रकार पॉल सेझानने १८९५ पासून काही वर्षं फ्रान्समधल्या एक्स गावाजवळच्या बिबेमूच्या जुन्या खाणीत काम केलं. तो दगड ऑकरच्या रंगाचा, माणसांनी चौकोनी कापलेला. तिथल्या त्याच्या चित्रांत फटकारेही चौकोनी, समांतर, ठोकळ्यासारखे आहेत. त्याचे फटकारे उचलून बेसॉल्टवर टाकले तर जमणार नाही, कारण आपला दगड तसा तुटत नाही. उचलायची ती त्याची शिस्त: एकेक फटकारा एकेका पृष्ठभागासाठी.

हेच कोकणातल्या जांभ्याला लागू आहे. जांभा बेसॉल्टसारखा उभा फुटत नाही. तो सच्छिद्र, भोकाभोकांचा, आणि ताजा कापलेला चिरा तांबडा-पिवळा. उघड्यावर राहिला की कठीण होतो आणि वरून काळवंडतो. सड्याच्या, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या सपाट माळाच्या, कडेचा जांभा रंगवताना लांब फटकारे सोडा. ६ नंबरच्या ब्रशने आखूड, टोचल्यासारखे, दिशा बदलत जाणारे हात द्या. खाली बर्न्ट सिएना आणि ऑकरचा भरगच्च थर, तो वाळल्यावर वरून गडद मिसळ कोरड्या ब्रशने फिरवा. वर आलेला भाग काळवंडतो आणि भोकांत लाल उरतो, खऱ्या जांभ्यात होतं तसंच. बेसॉल्टच्या उलट इथे काळपट रंग वरचा आणि ऊबदार रंग आतला.

तैलचित्र वाळू लागलं की अंबर वापरलेल्या जागा आधी वाळतात, मँगनीजमुळे. त्याच जागा नंतर निस्तेज, मेलेल्या दिसतात, कारण अंबर तेल फार शोषून घेतं. घाबरून त्यावर नवा रंग चढवू नका. चित्र हाताला कोरडं लागल्यावर त्या भागावर जवसाच्या तेलात निम्मं टर्पेंटाइन मिसळून चिंधीने अगदी पुसट हात द्या आणि जास्तीचं लगेच टिपून घ्या. बुडालेला रंग वर येतो. जाड लेपांच्या चित्राला वॉर्निश लावायला निदान सहा महिने थांबा. ॲक्रिलिकला एवढं थांबावं लागत नाही, जाड थर आतपर्यंत वाळायला एक-दोन आठवडे दिले की पुरे.